थंड पाणी आणि मीठ

१२ जानेवारी २०२५, रविवार

ही डायरी अंकुरनं आणून देल्ली. गावातल्या ज्या कृषी केंद्रात तो कामाले आहे तिथं बियाण्याच्या कंपनीनं वाटल्या, तं एक माह्यासाठी उचलली म्हणते. दरेक पानाच्या खाली शेतीचा सल्ला छापला आहे. आजच्या पानावर आहे, हरभऱ्यावर घाटेअळीची पाहणी करा. आता आमच्याकडं ना हरभरा ना वावर. आम्ही परीट. बस स्टँडच्या मागं लाँड्री, अन् लाँड्रीच्या मागं दोन खोल्या.

पहिल्या पानावर त्यानं लिहून देल्लं: "आईच्या डागांची वही. विचारल्याशिवाय हात लावू नये. – अंकुर." अक्षर सुरेख आहे पोट्ट्याचं. माह्यासारखे कोंबडीचे पाय नाही.

त्याचं म्हणणं असं, की कोणता डाग कायनं निघते हे माह्या एकटीच्या डोक्यात आहे, ते कागदावर यावं. मंग तो मोबाइलवर माहे व्हिडिओ काढीन अन् लोक पाहतील. म्हटलं, बाप्पा, लोकाइले दुसरे धंदे नाही का? तं म्हणे, लोक मांजराचे व्हिडिओ पाहते, तुहे काहून नाही पाहणार. मेल्याशी बोलण्यात कोण जिंकन.

तं घ्या, लिहिते. हळद: साबण लावला की लाल होते, घाबरू नका, ओलंच उन्हात टाका. केळीचा चीक: विसरून जा. बिब्बा: निघतच नाही, म्हणून तं आम्ही त्याच्यानं खुणा करतो. दरेक गिऱ्हाइकाची खूण वेगळी, कॉलरच्या आतून, सुईच्या टोकानं. कोणाचं दोन टिंब, कोणाची काडी, कोणाची फुली. कॉलर उलटली की शर्ट कोणाचा ते समजते. सासूनं शिकवलं तेव्हा मी अठराची होती.

२६ जानेवारी, रविवार

आज पहिला व्हिडिओ काढला. चिकनवाल्याचा शर्ट आलता, तोच घेतला. अंकुर मोबाइल धरून उभा, वैष्णवी हसून हसून लोळली. पोरगी यवतमाळले नर्सिंगले आहे, सुट्टी म्हणून आली. मी चार वेळा चुकली. पाचव्या वेळेले बोलली: रक्ताले गरम पाणी कधीच लावू नका, गरम पाण्यानं ते धरून बसते. थंड पाणी अन् मीठ. पंधरा मिनिटं थांबा. मंग हलक्या हातानं चोळा.

मागून अंकुरचा आवाज आला त्याच्यात, आई, लाजू नको, तू डॉक्टर आहे कपड्याची. तो आवाज काढून टाक म्हटलं तं ऐकत नाही.

वैष्णवीचे बाबा इस्त्री करता करता पाहत होते. बोलत नाही तो माणूस, पण आज गालात हसले. मी पाह्यलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कृषी केंद्रातून फवारणीच्या औषधाचे खोके चोरीले गेले. मालकानं रिपोर्ट देल्ली अन् तिथल्या तिन्ही नोकराइले ठाण्यात बोलावलं. अंकुरच्या सोबत काम करणारा रवी त्याले म्हणे, एकटा नको जाऊ, उद्या वकील घेऊन जाऊ. म्हणून हा दारात उभा राहून विचार करत होता. जाऊ का नको, म्हणे.

मी हसली त्याले. अरे, अर्ध्या ठाण्याच्या वर्द्या आपल्या दोरीवर वाळते, तुले कोण काय करते? सगळे ओळखीचे माणसं. नाही गेला तं उलट चोर म्हणतील. जा अन् जेवायले ये, वांग्याची भाजी टाकते.

गेला. निळ्या चौकड्याचा शर्ट घातलता, कडक इस्त्रीचा. कोणी करून देल्ली काय माहीत, त्याले तं इस्त्री धरता येत नाही.

रात्री आला नाही. वैष्णवीचे बाबा म्हणे, पोलिसानं बसवलं असन. मी पाठवलं हे त्याइले सांगितलं नाही. कायले सांगू, उद्या येईनच तो.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी डबा घेऊन ठाण्यात गेली. भेटू नाही देल्लं. चौकशी चालू आहे, उद्या सोडतो म्हणे. पण डबा ठेवून घेतला. डबा घेतला त्या अर्थी पोरगं बरं आहे. रवी अन् दुसरा नोकर काल सांजच्यालेच घरी आले. याच्याजोळच कायचे प्रश्न उरले कोणाले माहीत.

दुपारी दोनच्या सुमाराले वर्द्याइचं गठोडं आलं, दर बुधवारी येते तसं. आणणाऱ्यानं मान वर केली नाही, ठेवलं अन् गेला. सहा जोड. त्यात दोन टिंब अन् काडी, म्हणजे जमादाराचा शर्ट. उजव्या बाहीले रक्त, मनगटापासून कोपरापर्यंत शिंतोडे. अजून पुरतं वाळलं नव्हतं, तांबडं होतं. कोंबडं कापलं असन कुठं. वर्दीवर कोंबडं कापते का कोणी, पण माणसं कायही करते.

थंड पाणी, मीठ, पंधरा मिनिटं. गेलं सगळं. फक्त कफाच्या शिवणीत आतून पिवळी कड राह्यली, ती नाही निघाली. उन्हात धरलं तं दिसते. अंकुर असता तं म्हणला असता, आई हरली.

त्या शर्टावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली. इस्त्री पण मीच केली, बाहीची घडी अशी की हात कापन. उद्या सकाळी स्वतः नेऊन देते. पाहतील तं म्हणतील, बाईनं काम चांगलं केलं, पोराले सोडून द्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पंधरा दिवसानं वही उघडली. मागच्या पानाइले रबराचा पट्टा लावून बंद करून टाकलं. ते वाचायची हिंमत नाही.

अंकुर गेला. सहा तारखेले पहाटे, यवतमाळले नेता नेता रस्त्यात. ठाण्यातले म्हणते, पाच तारखेच्या रात्री अकराले संडासात पाय घसरला अन् डोकं आपटलं. अटक नव्हती म्हणते, नुसतं बोलावलं होतं. नुसत्या बोलावलेल्या माणसाले दोन दिवस घरी काहून नाही येऊ देल्लं, हे मी विचारलं तं म्हणे, बाई, आम्ही तुमचं दुःख समजतो.

परवा तेरवी झाली.

एक गोष्ट लिहायची आहे म्हणून वही घेतली. शवागाराच्या बाहेर एका पोलिसानं प्लास्टिकच्या थैलीत त्याचे कपडे माह्या हातात देल्ले. सही नाही, काही नाही. निळ्या चौकड्याचा शर्ट अन् पँट. तिसऱ्या दिवशी घर माणसाइनं भरलं होतं, मी मागं मोरीवर गेली अन् तो शर्ट धुतला. कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात मळका कपडा पडून राहत नाही, माह्या हाताले दुसरं काही येतच नाही. पोरगं मळलेल्या शर्टात गेलं, हे मनात खुपत होतं. धुऊन, वाळवून, घडी घालून त्याच्या पेटीत ठेवला.

धुतानी मी सगळं पाह्यलं. डाग कुठं होते, कसे होते. ते आता नाही लिहू शकत.

अंकुर, तुहा शर्ट स्वच्छ आहे रे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज वकीलबाई आल्या, उर्वशी भगत. ज्याइले वकील करता येत नाही त्याइले यवतमाळच्या विधी सेवा केंद्रातून फुकट वकील भेटते, वैष्णवीनं तिथं अर्ज केलता. असतील तीस-बत्तीसच्या. स्कूटीवर आल्या, खुर्ची देल्ली तरी माह्याजोळ खालीच बसल्या.

त्याइनं रस्ते सांगितले. पोलिसाच्या ताब्यात माणूस मेला तं चौकशी पोलिसानं नाही, न्यायाधीशानं करायची असते, अन् ती सुरू झाली आहे. आमचा जबाब होईन. दुसरं, पोलिसाइवर गुन्हा नोंदवा म्हणून एस.पी. साहेबाले अर्ज, तिथं नाही ऐकलं तं कोर्टात. तिसरं, नागपूरचं हायकोर्ट: तपास या ठाण्याच्या हातून काढा म्हणून, अन् सरकारनं भरपाई द्यावी म्हणून, कारण जगायचा हक्क हिरावला. मानवाधिकार आयोगाले वेगळा अर्ज. एक धरला म्हणून दुसरा सुटत नाही, सगळे सोबत चालते.

अन् म्हणे, ताब्यात घेतलेल्या माणसाले चोवीस तासात कोर्टापुढं न्यावं लागते, तो चोर असला तरी. घरच्याइले कळवावं लागते. वकिलाले भेटू द्यावं लागते. मी ऐकत राह्यली. एवढं सगळं लिहून ठेवलेलं होतं, अन् मी डबा घेऊन दारात उभी होती.

बाईनं विचारलं, पुंडलिकराव, तुमचं काय म्हणणं? वैष्णवीचे बाबा उशीच्या अभ्र्याले इस्त्री करत होते. म्हणे, न्यायानं पोरगं येते का? अन् त्याच अभ्र्यावर परत इस्त्री फिरवली.

मंग बाईनं विचारलं, त्याचे कपडे कुठं आहेत? मी पेटीतून घडी आणून हातात देल्ली. त्याइनं शर्ट उलगडला, मांडीवर पसरला, नाकाजोळ नेला. साबणाचा वास येत होता.

"भागीरथाताई, हा कोणी धुतला?"

मी सांगितलं. त्या रागावल्या नाही. रागावल्या असत्या तं बरं झालं असतं. घडी मात्र माह्यासारखी घालून परत देल्ली अन् म्हणे, असू द्या, तुमच्या डोळ्यानं पाह्यलं ते तं कोणी धुतलं नाही ना.

त्या गेल्यावर समजलं की माह्या पोराच्या अंगावरचा पुराव्याचा कागद मीच पुसला.

५ मार्च, बुधवार

वर्द्याइचं गठोडं आज आलं. मधल्या तीन बुधवारी आलं नव्हतं, मले वाटलं लाज वाटली असन. कायची लाज. ठेवून गेला माणूस, रोजच्यासारखा.

गठोडं ओट्यावर तसंच पडलं होतं. वैष्णवीचे बाबा उचलायले गेले. त्याइच्या हाताले सवय, जशी माह्या. मी म्हटलं, ठेवा ते. तं म्हणे, धंदा आहे. मी म्हटलं, ठेवा. एकोणतीस वर्षाइत मी त्याइच्याशी अशी बोलली नाही. त्याइनं ठेवलं. मी स्वतः डोक्यावर घेऊन ठाण्याच्या पायरीवर नेऊन ठेवलं, न उघडलेलं. तिथल्या एका शिपायानं हात जोडले मले, तरणा पोरगाच होता.

आल्यावर दोघंही जेवलो नाही.

१६ मार्च, रविवार

रविवार खायले उठते मले. रविवारी तो घरी राहायचा, दहापर्यंत झोपायचा, अन् मी दर पाच मिनिटाले ओरडायची, ऊठ मेल्या. दिवसातून शंभर वेळा मेल्या म्हणायची. आता तो शब्दच तोंडात येत नाही. शेजारच्या कोकिळानं आज तिच्या पोराले म्हटलं तं मी दार लावून घेतलं.

वैष्णवीनं त्याच्या मोबाइलमधला व्हिडिओ माह्या मोबाइलवर टाकून देल्ला. चाळीस सेकंदाचा आहे. मी माहं तोंड पाहत नाही. शेवटचे चार सेकंद ऐकते, लाजू नको, तू डॉक्टर आहे कपड्याची. मोबाइल मिठाच्या बरणीले टेकवून ठेवते अन् काम करत करत लावते. आवाजाच्या आधी तो जरासा श्वास घेते, तो पण ऐकू येते.

अंकुर, व्हिडिओ कोणाले दाखवायचा राहूनच गेला. एकदा ये अन् ओरड माह्यावर, की आई तू मोबाइल तेलकट करते. एकदाच.

वांगे आणले नाही तेव्हापासून घरात.

२८ मार्च, शुक्रवार

आज न्यायाधीशासमोर जबाब झाला. वैष्णवी सोबत होती. साहेब तरुण आहेत, पाणी विचारलं. मले वाटलं होतं रडीन, पण त्याइनं शर्टाचं विचारलं अन् मी कामावर बसल्यासारखी बोलत गेली.

सांगितलं, कॉलरले रक्त होतं, पण थोडं. पाठीवर जास्त होतं, अन् ते बाहेरून लागलेलं नव्हतं. आतून आलेलं होतं. आतून आलेला डाग उलट्या बाजूनं गडद असते अन् सुलट्या बाजूनं फिका, हे परटाले सांगावं लागत नाही. चार पट्टे होते आडवे, बोटाएवढे रुंद. त्यातले दोन जुने होते, काळे पडलेले, अन् दोन त्याच्यावरचे. म्हणजे एकाच वेळचे नाही. पाय घसरून डोकं फुटलेल्या माणसाच्या पाठीले पट्टे कायले येईन? साहेब लिहून घेत राह्यले. मंग हळूच म्हणे, आता शर्टावर काही दिसते का? मी म्हटलं, नाही साहेब. माह्या हातचं आहे, काहीच नाही दिसणार.

बाहेर आल्यावर वकीलबाईनं सांगितलं, शवविच्छेदनात पाठीचे वळ आहेत, पण ठाणं म्हणते ते आधीचे असतील. अन् चोरीची चौकशी ज्याच्याकडं होती, ज्याच्यावर आपला संशय आहे, त्या जमादारानं लिहून देल्लं, की तो चार अन् पाच तारखेले ठाण्यात नव्हताच, जत्रेच्या बंदोबस्ताले गेलता, परत आला तो सहाले. दोघं-तिघं त्याच्या बाजूनं बोलले. आपल्याजोळ त्याच्या विरुद्ध काही नाही.

तेव्हापासून डोक्यात काहीतरी खुपून राह्यलं. चुलीत घालो, सापडतच नाही काय ते.

२ एप्रिल, बुधवार

सापडलं.

दुपारी विमलताई आल्या, मास्तरीणबाई. नातीचा घोळणा फुटलता, नाकातून फ्रॉकभर रक्त. मी फ्रॉक थंड पाण्यात टाकला अन् मिठाच्या बरणीत हात घातला. हात तिथंच राह्यला. ताईले वाटलं मले चक्कर आली.

वहीचा रबर काढला. पाच फेब्रुवारीचं पान वाचलं. माह्याच अक्षरात आहे. दुपारी दोन. दोन टिंब अन् काडी. उजवी बाही. अजून पुरतं वाळलं नव्हतं.

रात्री अकराले घसरला म्हणते. दुपारी दोनले त्याचं रक्त माह्या बादलीत होतं, अन् तेही जत्रेले गेलेल्या जमादाराच्या बाहीवरून. मी त्याच्यावर मीठ टाकलं अन् पंधरा मिनिटं मोजली. अन् म्हटलं, कोंबडं असन.

अन् ते नेऊन देल्लं असतं मी दुसऱ्या दिवशी, स्वतः. घडी अशी की हात कापन.

४ एप्रिल, शुक्रवार

वैष्णवीनं पान वकीलबाईले मोबाइलवर पाठवलं, तं त्या लगेच स्कूटीवर आल्या. दोनदा वाचलं. मंग डोळे पुसले, मी पहिल्यांदा पाह्यलं त्याइले तसं. म्हणे, एका वहीनं खटला उभा राहत नाही, तुम्ही आई आहात, मागून लिहिलं म्हणतील. पण शाई तपासता येते, अन् हे पानं मधोमध आहेत, त्याच्या आधी अन् नंतर पण तारखेवार लिहिलेलं आहे. मुख्य म्हणजे ती शिवण. ती वर्दी अजून जमादाराच्या अंगावर असन, कॉलरमध्ये तुमची खूण असन. कोर्टाले सांगून ती जप्त करायची अन् शिवण उसवून तपासाले पाठवायची. तुम्हाले जे निघालं नाही तेच आपल्या कामाचं आहे.

सहा फेब्रुवारीले पहाटे निरोप आला तेव्हा ते गठोडं घरातच होतं. मंग कोण घेऊन गेलं, मले आठवतही नाही.

पण मूळ वही द्यावी लागते. झेरॉक्स चालत नाही. पूर्ण वही, कारण पान फाडलं तं संशय येते. किती वर्षं तिथं राहीन सांगता येत नाही. अन् सगळे वाचतील. जमादाराचा वकील पण वाचन.

मी दोन दिवस मागितले. त्याइनं काहून म्हणून विचारलं नाही.

६ एप्रिल, रविवार

चार फेब्रुवारीचं पान आहे ना मधात. मी हसली त्याले, मी म्हटलं जा. हे पान कोर्टात मोठ्यानं वाचतील अन् वैष्णवीचे बाबा बाकावर बसून ऐकतील. दोन महिने झाले, मी त्याइच्या ताटात भाजी वाढते अन् हे पोटात ठेवते. काल विचार आला, वहीच जाळून टाकावी. मंग पहिलं पान पाह्यलं अन् ठेवून देल्ली.

आज सकाळी चहा देतानी सांगून टाकलं. म्हटलं, तो जात नव्हता, मी पाठवलं. ओळखीचे माणसं आहेत म्हटलं. तुम्हाले काय बोलायचं ते आजच बोला, कोर्टात ऐकण्यापेक्षा घरात ऐका.

त्याइनं कप खाली ठेवला. इस्त्रीच्या टेबलाकडं पाह्यलं.

"तुह्या आधी त्यानं मले विचारलं," म्हणे. "मी बी जा म्हटलं. शर्ट काढ म्हटलं, इस्त्री मारून देतो. चांगल्या कपड्यातल्या माणसाले कोणी हात नाही लावत."

तो निळ्या चौकड्याचा शर्ट. मी त्या दिवशी लिहिलं होतं, कोणी करून देल्ली काय माहीत.

हा माणूस दोन महिन्यापासून एकाच अभ्र्यावर इस्त्री काहून फिरवते ते मले आज समजलं. मी त्याइच्या बाजूले जाऊन बसली. चहा थंड झाला, तो तसाच प्यायलो दोघाइनं. मंग ते उठले अन् स्वतःचा पांढरा शर्ट काढला, त्याले इस्त्री केली. म्हणे, उद्या मी पण येतो.

७ एप्रिल, सोमवार

यवतमाळ. कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली बसून लिहून राह्यली. बाभुळगावपर्यंत बसमध्ये उभं राहावं लागलं, वही पोटाशी धरली होती. वैष्णवीचे बाबा पांढऱ्या शर्टात बाजूले बसले आहेत. सकाळपासून तीनदा विचारलं, पाणी आणू का.

वकीलबाईनं समजावून सांगितलं काय होईन. कारकून वही घेईन, पानं मोजन, अन् तिच्यावर निशाणी टाकन, म्हणजे नंबर अन् शिक्का अन् सही. कोर्टात आलेल्या दरेक वस्तूले तशी खूण लागते. म्हटलं, समजलं मले, आमच्यासारखंच आहे. शिक्का कुठं मारते, विचारलं. तं म्हणे, बहुतेक पहिल्या पानावर.

म्हणून हे शेवटचं लिहिते. आजच्या पानावर कंपनीनं छापलं आहे, उन्हाळी नांगरट करून जमीन तापू द्या. याच्यापुढचे पानं कोरे आहेत. त्याइचं काय करायचं ते तुम्ही पाहा.

साहेब, ही वही तुम्ही वाचणार आहात. मी माह्या मुलाले ठाण्यात पाठवलं, हे खरं आहे. त्याचं रक्त मी दोनदा धुतलं, हे पण खरं आहे. माहं सगळं वाचा, मोठ्यानं वाचा, जिथं पाहिजे तिथं शिक्के मारा. पाच फेब्रुवारीवर मारा, पुठ्ठ्यावर मारा, माह्या अक्षरावर मारा.

फक्त पहिल्या पानावर नका मारू. ते अक्षर त्याचं आहे. त्यानं लिहून ठेवलं आहे, विचारल्याशिवाय हात लावू नये.

बाई बोलावून राह्यल्या. जाते.